कॅनडाच्या पलटणींचा युद्धकाळातला इतिहास कसा शोधावा

कॅनडाच्या सैन्यातल्या एखाद्या घोडेस्वार रेजिमेंटचा किंवा पायदळाच्या पलटणीचा युद्धकाळातला इतिहास शोधायला बसलेला माणूस बहुधा तिच्या नावापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. मीही फसलो आहे. 'फोर्थ कॅनेडियन माउंटेड रायफल्स' या पलटणीच्या १९१६ सालच्या रोजनिशीत मी सलग दोन रविवार स्वारीचे घोडे शोधत होतो. सामानाच्या गाड्या ओढणाऱ्या जनावरांचे उल्लेख तेवढे अधूनमधून दिसत. बाकी सगळा मजकूर खंदक, चिखल, वाळूची पोती आणि तोफमारा यांचा. कारण अगदी साधे होते. जानेवारी १९१६ मध्ये कॅनडाच्या माउंटेड रायफल्सची पुनर्रचना झाली, पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी या चार तुकड्या रीतसर पायदळाच्या बटालियन झाल्या आणि तिसऱ्या कॅनेडियन डिव्हिजनच्या आठव्या ब्रिगेडमध्ये गेल्या (काही बटालियन मिळून एक ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून एक डिव्हिजन). नावात 'माउंटेड' हा शब्द मात्र युद्ध संपेपर्यंत राहिला. त्याच वर्षी २ जूनला बेल्जियममधल्या ईप्रजवळच्या माउंट सॉरेलवर जर्मनांचा हल्ला झाला, तेव्हा या चौथ्या तुकडीच्या ७०२ माणसांपैकी जेमतेम ७६ नंतरच्या हजेरीला उभी राहिली. ती सगळी पायीच लढली होती.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, रेजिमेंटचे नाव हाती आले तरी लगेच त्यावर विसंबू नये. आधी तारीख मिळवावी, मग त्या तारखेला ती तुकडी कोणत्या ब्रिगेडखाली आणि कोणत्या डिव्हिजनमध्ये होती ते पाहावे, आणि नावाचा अर्थ त्यानंतर लावावा. ही शिस्त सुरुवातीला कंटाळवाणी वाटते, पण पुढचे निम्मे घोटाळे तिच्यामुळे टळतात.

दुसरी अडचण 'रेजिमेंट' आणि 'बटालियन' या दोन शब्दांची आहे. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्री म्हटले की एक घराणे डोळ्यांसमोर येते आणि त्या घराण्याच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा पलटणी असतात. कॅनडातही युद्धापूर्वी अशी घराणी होतीच, म्हणजे गावोगावच्या मिलिशिया (अर्धवेळ नागरी सैन्य) रेजिमेंट. परंतु १९१४ साली युद्ध सुरू होताच तेव्हाचे सैन्यमंत्री सॅम ह्यूझ यांनी आधीची भरतीची योजना बाजूला सारली आणि जुन्या रेजिमेंट जशाच्या तशा न पाठवता नव्या, केवळ क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या बटालियन उभ्या केल्या. हे क्रमांक वाढत वाढत २६० पर्यंत गेले. आघाडीवरच्या चार डिव्हिजनांत मात्र प्रत्येकी १२ प्रमाणे ४८ बटालियनच होत्या. उरलेल्यांपैकी बहुतेक इंग्लंडला पोहोचल्यावर मोडल्या गेल्या आणि त्यांची माणसे आघाडीवरच्या पलटणींतली तूट भरून काढायला वाटून दिली गेली. त्यामुळे एखाद्याच्या छायाचित्रावर किंवा टोपीच्या बिल्ल्यावर जी बटालियन दिसते ती त्याच्या भरतीची असते; तो लढला ती बटालियन निराळी असू शकते, आणि तीन अंकी क्रमांक असेल तर बहुधा असतेच.

बकम सिंग यांचे उदाहरण घेऊ. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात जे मोजके शीख होते त्यांपैकी ते एक. १९१५ मध्ये ऑन्टारिओ प्रांतात त्यांची भरती ५९ व्या बटालियनमध्ये झाली. त्यांचा क्रमांक ४५४८१९ हा त्या बटालियनला नेमून दिलेल्या क्रमांकांच्या गटातलाच आहे. ५९ वी बटालियन आघाडीवर गेलीच नाही. बकम सिंग फ्लँडर्सला गेले ते २० व्या बटालियनमधून. तिथे १९१६ मध्ये ते दोनदा जखमी झाले, पुढे त्यांना क्षयाने गाठले, आणि १९१९ मध्ये ऑन्टारिओतल्या किचनर गावी ते वारले. त्यांचे व्हिक्टरी पदक २००८ साली इंग्लंडमध्ये एका इतिहास संशोधकाच्या हाती लागले, तेव्हा त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि २० व्या बटालियनची खूण कोरलेली होती. आता कोणी ५९ व्या बटालियनचा इतिहास काढून त्यात बकम सिंग यांची लढाई शोधू लागला, तर आयुष्यभर शोधत राहील.

या उदाहरणातून क्रमांकाचे महत्त्व ध्यानात यावे. कॅनडाच्या मोहिमी सैन्यात, म्हणजे परदेशी लढायला उभारलेल्या सैन्यात, प्रत्येक तुकडीला क्रमांकांचा एक सलग गट दिला जाई, आणि शिपायाची बदली झाली तरी त्याचा क्रमांक बदलत नसे. म्हणजे क्रमांकावरून भरतीची तुकडी आणि जागा कळते, आणि पदकाच्या कडेवरून किंवा थडग्यावरच्या लेखावरून शेवटची तुकडी कळते. या दोन टोकांच्या मधला प्रवास शोधणे हेच आपले काम. अधिकाऱ्यांना मात्र असे क्रमांक नव्हते. त्यांचा माग नाव आणि हुद्द्यावरूनच काढावा लागतो.

मधला प्रवास सापडतो तो सेवा-फायलीत. ओटावाच्या 'लायब्ररी अँड आर्काइव्ज कॅनडा' या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातल्या सहा लाखांहून अधिक सैनिकांच्या फायली संपूर्ण छायांकित करून संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत. नावाने शोधता येते, पण शक्य असेल तर क्रमांकानेच शोधावे. नावाच्या स्पेलिंगची हमी कोणीच देऊ शकत नाही. पंजाबी, युक्रेनियन, जपानी किंवा फ्रेंच नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागेल तसे उतरवलेले असते आणि एकाच फायलीत त्याची तीन-तीन रूपे दिसतात.

फाइल उघडली की सर्वांत वर बहुधा भरतीपत्र असते. त्यावर जन्मतारीख, जवळच्या नातलगाचा पत्ता, व्यवसाय आणि पूर्वीची लष्करी नोकरी, तर मागच्या बाजूला उंची, छातीचे माप, डोळ्यांचा व केसांचा रंग, धर्म आणि शरीरावरच्या खुणा नोंदलेल्या असतात. हा कागद वाचताना मन हळवे होते हे खरे, परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याचा उपयोग मर्यादित आहे, आणि त्यावरची जन्मतारीख तर जपूनच घ्यावी, कारण वय वाढवून किंवा कमी करून भरती झालेल्यांची संख्या लहान नव्हती. खरा ऐवज पुढे 'कॅज्युअल्टी फॉर्म' नावाच्या कागदात असतो. नावावरून तो फक्त जखमींचा वाटतो, पण तसा तो नाही. बदली, बढती, रजा, इस्पितळ, शिक्षा असे शिपायाच्या स्थितीतले जवळपास सगळे फेरबदल त्यावर ओळीओळीने नोंदवलेले असतात. त्यात दोन वेगळ्या तारखा असतात. डावीकडची तारीख बातमी मिळाल्याची आणि उजवीकडची घटना घडल्याची. नवखा वाचक हमखास डावीकडची उचलतो, आणि मग त्याचा शिपाई लढाई संपल्यावर आठवड्याने जखमी होतो.

या फॉर्मवरची आद्याक्षरे सुरुवातीला डोके उठवतात, पण त्यांची यादी फार मोठी नाही. 'टी. ओ. एस.' म्हणजे पटावर घेतले, 'एस. ओ. एस.' म्हणजे पटावरून कमी केले. या दोन खुणा सापडल्या की कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत तो माणूस कोणत्या पलटणीत होता हे ठरते. 'जी. एस. डब्ल्यू.' ही बंदुकीच्या गोळीची जखम म्हणून वाचली जाते, पण कारकून ती तोफगोळ्याच्या कपच्यांनाही सरसकट लावीत, तेव्हा तिच्यावरून शस्त्र ठरवू नये. 'सी. सी. एस.' हे आघाडीच्या मागचे शस्त्रक्रियेचे ठाणे. एका कोऱ्या कागदावर तारीख, तुकडी आणि ठिकाण अशा तीन रकान्यांत हे सगळे उतरवून घ्यावे. मला तरी याहून चांगली पद्धत सापडलेली नाही, आणि संगणकापेक्षा वहीत ती अधिक बरी चालते.

हा तक्ता तयार झाल्यावरच पलटणीच्या युद्ध-रोजनिशीकडे वळावे. प्रत्येक बटालियनला मोहिमेवर असताना दररोजची नोंद ठेवणे बंधनकारक होते. कॅनडाच्या पलटणींच्या या रोजनिश्याही ओटावाच्या त्याच अभिलेखागारात आहेत आणि पडद्यावर वाचता येतात. त्यांचा सूर कोरडा असतो. हवा कशी होती, किती माणसे कामाला लावली, कोण अधिकारी रजेवर गेला, किती मेले, किती जखमी झाले. अधिकाऱ्यांची नावे येतात. साध्या शिपायाचा बहुधा केवळ आकडा येतो. आपल्या शिपायाचे नाव तिथे नाही म्हणून खट्टू होऊ नये. त्याच्या फायलीतली जखमेची तारीख आणि रोजनिशीतल्या त्या दिवसाचा आकडा एकमेकांसमोर ठेवले की प्रसंग उभा राहतो. मोठ्या लढाईच्या दिवशीच नोंद तुटपुंजी सापडते, कारण लिहिणारा स्वतः गोळीबारात असतो किंवा मेलेला असतो. अशा वेळी त्याच महिन्याच्या शेवटी जोडलेली परिशिष्टे पाहावीत, त्यांत हल्ल्याचे आदेश, नकाशे आणि नंतरचे अहवाल असतात. तेही नसतील तर ब्रिगेडची रोजनिशी उघडावी. एक पायरी वरून पाहिले की शेजारच्या पलटणीही दिसू लागतात.

रोजनिशीत 'सी. १२. ए. ५. ७' अशा चमत्कारिक खुणा येतात आणि बरेच वाचक त्या ओलांडून पुढे जातात. तसे करू नये, कारण अचूक जागा याच खुणेत दडलेली असते. खंदकांच्या नकाशाच्या प्रत्येक पानाला स्वतःचा क्रमांक असे, आणि पानावर मोठ्या अक्षरांचे चौकोन आखलेले असत. 'सी' हे त्या मोठ्या चौकोनाचे अक्षर. त्याच्या पोटात हजार यार्ड बाजूचे क्रमांकित चौकोन, त्यांपैकी हा बारावा. या बाराव्याचे चार भाग करून त्यांना ए, बी, सी, डी म्हटले जाई, म्हणजे प्रत्येक भाग ५०० यार्डांचा. शेवटचे दोन आकडे त्या भागाचे दहावे हिस्से: पहिला पश्चिमेकडून पूर्वेला, दुसरा दक्षिणेकडून उत्तरेला. म्हणजे 'ए' या भागाच्या नैऋत्य कोपऱ्यापासून २५० यार्ड पूर्वेला आणि तिथून ३५० यार्ड उत्तरेला सरकले की आपण त्या जागी पोहोचतो. आधी पूर्व आणि मग उत्तर हा क्रम विसरू नये, आणि नकाशाच्या पानाचा क्रमांक टिपल्याशिवाय ही खूण वहीत उतरवू नये, कारण पान बदलले की तीच खूण दुसऱ्याच गावात नेऊन सोडते.

आता खऱ्या घोडदळाकडे येऊ. कॅनडाच्या घोडदळ ब्रिगेडमध्ये तीन रेजिमेंट होत्या, रॉयल कॅनेडियन ड्रॅगून्स, लॉर्ड स्ट्रॅथकोनाज हॉर्स आणि फोर्ट गॅरी हॉर्स, आणि तिचे नेतृत्व बराच काळ जे. ई. बी. सीली या ब्रिटिश राजकारणी सेनापतीकडे होते. १९१५ मध्ये फेस्टुबर्टला तिची माणसेही पायदळ म्हणूनच खंदकात उतरली होती; घोडे त्यांना नंतर परत मिळाले. तिचा इतिहास शोधताना सर्वाधिक वेळ वाया जातो तो तिला कॅनेडियन कोअरच्या, म्हणजे कॅनडाच्या डिव्हिजनांच्या एकत्रित फौजेच्या, कागदांत शोधण्यात. ती तिथे नव्हतीच. १९१६ च्या उन्हाळ्यात ती दुसऱ्या भारतीय घोडदळ डिव्हिजनमध्ये सामील झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस या डिव्हिजनचे नाव पाचवी घोडदळ डिव्हिजन असे झाले, आणि याच डिव्हिजनमधल्या सिकंदराबाद ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स होत्या. म्हणजे विनिपेगचे स्वार आणि 'पूना' नावाचे स्वार दीड वर्षाहून अधिक काळ एका सेनापतीच्या हाताखाली होते. मराठी वाचकाला इथे थोडे थबकावेसे वाटेल, म्हणून लगेच सांगतो की नावाचा फसवेपणा इथेही आहेच: पूना हॉर्सचे त्या काळचे बहुतेक स्वार पुण्याचे नव्हते, त्यांतला मोठा भाग राजपुतान्यातल्या राठोडांचा आणि कायमखानींचा होता. १९१८ च्या सुरुवातीला भारतीय घोडदळ फ्रान्समधून पॅलेस्टाइनच्या मोहिमेकडे निघाले आणि कॅनेडियन ब्रिगेड तिसऱ्या ब्रिटिश घोडदळ डिव्हिजनकडे गेली. तेव्हा या ब्रिगेडसाठी ओटावाबरोबर लंडनजवळच्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डिव्हिजनच्या रोजनिश्याही पाहाव्या लागतात.

घोडदळाचे आकडे वाचण्याची रीतही वेगळी आहे. स्वार पायउतार होऊन लढू लागले की साधारण चार घोड्यांमागे एक माणूस लगाम धरून मागे थांबे, म्हणजे पटावरची चौथाई माणसे गोळी झाडायला उपलब्धच नसत. त्यात घोडेस्वार रेजिमेंट मुळात पायदळाच्या बटालियनपेक्षा लहान. त्यामुळे पायउतार झालेल्या संपूर्ण ब्रिगेडच्या बंदुका मोजल्या तर त्या पायदळाच्या एखाद्या भरलेल्या बटालियनहून फार अधिक भरत नाहीत. अहवालात 'ब्रिगेडने जंगल घेतले' असे वाचताना हा हिशेब डोक्यात ठेवावा.

३० मार्च १९१८ रोजी अमियाँजवळच्या मोरॉय वुड या जंगलात झालेली चकमक यासाठी चांगला सराव आहे. नऊ दिवसांपूर्वी सुरू झालेल्या जर्मन चढाईने ब्रिटिशांची फळी मागे रेटली होती, आणि हे जंगल शत्रूच्या हाती पक्के राहिले असते तर अमियाँकडे जाणारा रस्ता उघडा पडणार होता. सीली यांच्या स्वारांपैकी काही जंगलात शिरून पायी लढले. स्ट्रॅथकोनाज हॉर्सच्या 'सी' स्क्वाड्रनला (रेजिमेंटची एक तुकडी) लेफ्टनंट गॉर्डन फ्लॉवरड्यू यांच्या हाताखाली जंगलाला वळसा घालून पलीकडची वाट अडवायला पाठवले होते. तिथे मशीनगनसह जर्मनांच्या रांगा समोर आल्या आणि सुमारे ७५ स्वारांनी तलवारी उपसून घोडे घातले. बहुतेक पडले, फ्लॉवरड्यू दुसऱ्या दिवशी वारले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अल्फ्रेड मनिंग्ज यांचे या चढाईचे चित्र प्रसिद्ध आहे, आणि बहुतेकांच्या मनातली मोरॉय वुडची लढाई या चित्रातूनच आलेली असते. मनिंग्ज त्या वर्षी या ब्रिगेडबरोबर चित्रे काढत हिंडत होते हे खरे, परंतु ही चढाई त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. चित्र बाजूला ठेवून रोजनिश्या वाचल्या की दिसते की त्या दिवसाचे बरेचसे युद्ध झाडांमधून, पायी, रायफल आणि संगिनीने झाले, आणि दोनच दिवसांनी, १ एप्रिलला, याच ब्रिगेडने जवळचे रायफल वुड घेतले ते घोडे मागे ठेवून.

काही पलटणी वरच्या कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फंट्रीला क्रमांकच नाही; हॅमिल्टन गॉल्ट यांनी एक लाख डॉलर देऊन ती उभी केली आणि ती आधी ब्रिटिशांच्या २७ व्या डिव्हिजनमध्ये लढली, म्हणून तिचे १९१५ चे प्रसंग कॅनेडियन डिव्हिजनच्या कागदांत मिळत नाहीत. रॉयल कॅनेडियन रेजिमेंट ही कायम सैन्यातली पलटण, पण युद्धाच्या पहिल्या वर्षी ती बर्म्युडाच्या राखणीला होती. न्यूफाउंडलंड रेजिमेंट १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या बोमाँ-हामेलला जवळजवळ संपली. तिला आज कॅनडाची म्हणतात, परंतु न्यूफाउंडलंड कॅनडात आले ते १९४९ साली, त्यामुळे तिच्या माणसांचे कागद कॅनडाच्या मोहिमी सैन्याच्या क्रमांकांत शोधू नयेत.

युद्ध संपल्यावर क्रमांकांच्या बटालियन मोडल्या आणि त्यांचा वारसा मिलिशिया रेजिमेंटना वाटून देण्यात आला. ८ व्या बटालियनचा वारसा आजच्या रॉयल विनिपेग रायफल्सकडे आहे, फ्रेंचभाषक २२ व्या बटालियनचा रॉयल २२ व्या रेजिमेंटकडे. रेजिमेंटच्या स्वतःच्या संग्रहालयात जायचे असेल तर आधी हा वारसदार शोधावा लागतो. अशा ठिकाणी पत्र लिहिताना शिपायाचा क्रमांक, पटावर असल्याच्या तारखा आणि एकच नेमका प्रश्न लिहावा. 'माहिती पाठवा' असे लिहिलेल्या पत्राला कोणी काय उत्तर देणार?

दुसऱ्या महायुद्धासाठी पद्धत तीच, कागद वेगळे. घोडदळाची जुनी नावे आता रणगाड्यांवर चढलेली असतात. स्ट्रॅथकोनाज हॉर्स १९४४ च्या मे महिन्यात इटलीत मेल्फा नदीवर लढली ती रणगाड्यांतून. शिपायाच्या क्रमांकाच्या आधी एक अक्षर असते आणि ते भरतीचा लष्करी जिल्हा सांगते: 'बी' टोरंटोचे, 'डी' मॉन्ट्रियलचे, 'एच' विनिपेगचे, 'एम' अल्बर्टाचे. युद्धात मेलेल्यांच्या फायली खुल्या आहेत. जे जिवंत परतले त्यांच्या फायलींसाठी अर्ज करावा लागतो. मृत्यूला वीस वर्षे उलटून गेली असतील तर मृत्यूचा पुरावा जोडून कोणालाही मागणी करता येते, त्याहून कमी काळ झाला असेल तर जवळच्या नातलगांनाच.

ज्यांच्या घरातले कोणी मराठा पलटणीतून इटलीत गेले होते, त्यांना या कॅनेडियन कागदांचा थेट उपयोग होऊ शकतो. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. डिसेंबर १९४३ मध्ये कॅनेडियन पायदळ ऑर्टोनाकडे झुंजत असताना ही डिव्हिजन त्याच्या डाव्या बगलेला होती, आणि मे १९४४ मध्ये गारी नदी ओलांडताना तिच्या पाठीशी पहिल्या कॅनेडियन आर्मर्ड ब्रिगेडचे रणगाडे होते. ऑन्टारिओ रेजिमेंट आणि कॅलगरी रेजिमेंट यांच्या त्या आठवड्यांच्या रोजनिश्या भारतीय डिव्हिजनच्या कागदांशेजारी ठेवून वाचाव्यात. शेजाऱ्याच्या नोंदीत आपल्या माणसांची हालचाल कधी कधी स्वतःच्या नोंदीपेक्षा स्पष्ट सापडते. तारखेचे बंधन इथेही पाळावे. नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो ९ एप्रिल १९४५ रोजी, आणि कॅनेडियन कोअर त्याआधीच इटली सोडून वायव्य युरोपकडे निघून गेले होते, त्यामुळे त्या दिवसासाठी ओटावाची पेटी उघडण्यात अर्थ नाही.